दोन सीटची उघडी गाडी घ्यायचीय? मग शोरूमला जाताना कुकर घेऊन जा

गेल्या वर्षभरात निदान दहा-बारा जणांनी मला पार्किंगमध्ये गाठून विचारलंय की अरे तुझी ती छोटी लाल गाडी कशी काय आहे, मी पण घेऊ का, आणि दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गाडी माझदाची मियाटा, म्हणजे एमएक्स-५. कापडी टप, मॅन्युअल गिअर, २०२४ चं मॉडेल, घेतली जानेवारी २०२५ मध्ये. मी न्यू जर्सीत राहतो, एडिसनपासून पंधरा मिनिटांवर, त्यामुळे खालचा सगळा हिशोब इथला आहे. भारतातल्या मित्रांना ही गाडी मिळणार नाही कारण माझदा तिथे विकतच नाही, तिकडे नवी कोरी दोन सीटची उघडी गाडी म्हणजे २०२५ मध्ये आलेली एमजीची इलेक्ट्रिक सायबरस्टर वगैरे, ती पण लाँचलाच ७५ लाखांच्या घरात. पण टप, सीट, डिकी याबद्दल जे लिहिलंय ते कुठल्याही उघड्या गाडीला लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही घरातली दुसरी गाडी आहे, किंवा तिसरी. पहिली नाही. आपण ओम्नीत नऊ माणसं कोंबून जेजुरीला गेलेले लोक, आपल्याकडे गाडी म्हटलं की पहिला प्रश्न "किती जण बसतात?" आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तर ती म्हणाली, एवढे पैसे देऊन दोनच सीट? अरे रिक्षात तीन बसतात! आणि तिचं काही चुकलं नाही. घरात लहान मूल असेल आणि हीच एकमेव गाडी असेल तर इथेच थांबा, पुढे वाचू नका, खरंच. आमच्याकडे एक एसयूव्ही आहे, मुलगा सोळाचा, त्यामुळे जमलं. एकटे असाल, ऑफिसला गाडी न्यायची आणि शनिवारी भटकायचं एवढंच असेल तर एकच गाडी म्हणून पण जमतं म्हणा, पण मग कोणाला एअरपोर्टवरून आणायचं काम तुमच्याकडे येणार नाही. (काही लोकांना हा फायदाच वाटेल.)

आता ही गाडी म्हणजे नक्की काय. हिरोशिमात बनते. पहिली मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली, तेव्हा अमेरिकेत किंमत होती १३,८०० डॉलर. त्या काळी साध्या स्वस्त उघड्या स्पोर्ट्स गाड्या जवळजवळ संपल्या होत्या, ब्रिटिश कंपन्यांच्या जुन्या रोडस्टर दिसायला देखण्या पण ऑइल गळायचं आणि पावसात दगा द्यायच्या, माझदाने तीच मजा घेतली आणि त्याला रोज सकाळी चालू होणारं इंजिन लावलं. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. आताची चौथी पिढी आहे. २ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, १८१ हॉर्सपॉवर. ऐकायला काही फार नाही, शेजारच्या काकांची सहा सिलिंडरची सेडान सरळ रस्त्यावर हिला आरामात मागे टाकेल. पण वजन बघा, एक टनाच्या जेमतेम वर. लांबी ४ मीटरच्या आत, म्हणजे नेक्सॉनपेक्षा छोटी, आणि उंची सव्वा मीटरच्या आत, मी शेजारी उभा राहिलो तर टप माझ्या छातीच्या खाली येतो. जपानी लोक याला घोडा आणि स्वार एकजीव झाल्यासारखं असं काहीतरी म्हणतात, जाहिरातीतलं वाक्य म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, पण पहिल्या वळणावर स्टिअरिंग एवढंसं फिरवलं आणि गाडी कमरेतून वळली तेव्हा मला ते पटलं.

कुठलं मॉडेल घ्यायचं यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. माझं मत सरळ आहे, कापडी टप आणि मॅन्युअल. कडक छपराचं आरएफ नावाचं मॉडेल येतं, बटण दाबलं की १३ सेकंदांत छप्पर मागे जातं, दिसायला फार सुंदर, पार्किंगमध्ये लोक वळून बघतात. पण ते जड आहे, काही हजार डॉलर महाग आहे, आणि मागचे दोन खांब तसेच उभे राहतात त्यामुळे हायवेवर कानाशी वारा घुमतो आणि पूर्ण उघड्यात बसल्यासारखं वाटत नाही. कापडी टपाला मोटर नाही, काही नाही. समोरच्या काचेच्या वर मधोमध एक खिटी आहे, ती सोडायची, एका हाताने टप मागे ढकलायचा, खट आवाज आला की झालं. सिग्नलला बसल्या बसल्या होतं. पहिले चार दिवस खांदा दुखतो कारण मागे वळून खेचायची सवय नसते, मग काही वाटत नाही. ज्यांचा खांदा आधीच धरलेला आहे त्यांनी मात्र आरएफच घ्यावी, उगाच हट्ट नको.

ट्रिमचं, म्हणजे एकाच गाडीच्या कमी-जास्त सोयींच्या प्रकारांचं, म्हणाल तर स्पोर्ट सगळ्यात स्वस्त, २०२४ चं मॉडेल साधारण ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू व्हायचं, मॅन्युअल क्लबमध्ये बिल्स्टीनचे कडक शॉक आणि मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे वळणावर एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून केलेली सोय, आणि ग्रँड टूरिंगमध्ये लेदर आणि गरम होणाऱ्या सीट. क्लब घेणारे लोक ग्रँड टूरिंगवाल्यांना जरा कमी समजतात. समजू दे. मी ग्रँड टूरिंग घेतली, निव्वळ लेदरच्या गरम सीटसाठी, आणि नोव्हेंबरमध्ये टप उघडा टाकून फिरताना त्या कडक शॉकवाल्यांची मला आठवणही येत नाही.

मॅन्युअलबद्दल एक गंमत. मी गाडी शिकलो नाशिकला, मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० वर, शेजारी मास्तर आणि त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक. त्यामुळे मला वाटलं मॅन्युअल काय, रक्तात आहे. पण तिथे गिअर डाव्या हाताला, इथे उजव्या. क्लच डाव्याच पायाला, त्यामुळे पायांना सगळं आठवतं आणि हात मात्र गोंधळतो. पहिले दोन दिवस तिसरा गिअर टाकायला माझा डावा हात दरवाज्याच्या हँडलवर जात होता. घाबरू नका, आठवड्यात बसतं. ज्यांनी वीस वर्षं ऑटोमॅटिकच चालवली त्यांनी आधी कोणाची तरी जुनी मॅन्युअल मागून चढावर उभी करून उचलायची प्रॅक्टिस करा, नव्या गाडीच्या क्लचवर शिकू नका.

आता शोरूम. टेस्ट ड्राइव्हला जाताना लोक मोकळ्या हाताने जातात, ही चूक करू नका. मी दोन केबिन बॅगा, बायकोला आणि ५ लिटरच्या कुकरचा खोका घेऊन गेलो. सेल्समनने कुकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. डिकी फक्त १३० लिटरची आहे. आकडा ऐकून काही कळत नाही म्हणून सांगतो, दोन केबिन बॅगा बसल्या, पण चाकांची दिशा बदलून तीनदा काढून घालून. डिकी खोल आहे पण तोंड लहान, त्यामुळे कडक खोका आत गेला तरी आडवा होत नाही. कुकर खोक्यातून काढल्यावर गेला, खोक्यासकट नाही. तेव्हाच ठरवलं, या गाडीत कडक सुटकेस बंद, मऊ बॅगा चालू.

मग बसा. बसायची पण एक रीत आहे. आधी बूड, मग पाय. साडी नेसून, गुडघे दुखत असताना, दोन बाजूला गाड्या चिकटून लावलेल्या असताना, सगळ्या प्रकारे बसून बघा. माझी उंची ५ फूट १० आहे, मला नीट बसतं, पण सहा फुटांच्या वर असाल तर टप बंद करून बसा, कारण उघड्या टपात सगळेच उंच लोक खुश असतात आणि पाऊस आल्यावर कळतं की डोकं कापडाला लागतंय. स्टिअरिंग पुढे-मागे होतं, ही सोय २०१९ पासून आली. समोर ग्लोव्ह बॉक्स नाही. नाहीच. सीटच्या मधोमध मागे एक कुलुपाचा छोटा कप्पा आहे, कागदपत्रं त्यात. कप होल्डर कोपराच्या मागे आहेत, चहा घ्यायला योगासन करावं लागतं.

टेस्ट ड्राइव्ह टप उघडून गल्लीत एक चक्कर एवढीच देतात कारण त्यात गाडी विकली जाते. तुम्ही हट्टाने टप बंद करून हायवेवर न्या. ७० मैलांच्या स्पीडला आत आवाज होतो, फोनवर मीटिंग घेणं कठीण आहे, मागचं दिसणं कमी आहे, टपाचा कोपरा बरोबर तिथेच येतो जिथे शेजारच्या लेनची गाडी असते. हे सगळं बघूनही हसू आलं तर गाडी तुमची.

पैशाचं बोलताना महिन्याचा हप्ता किती पडेल यावर बोलूच नका, ते लोक तिथेच गुंडाळतात. सगळं धरून दाराबाहेर काढायची किंमत किती, एवढा एकच आकडा ईमेलवर लिहून मागा. काचेला चिकटवलेल्या स्टिकरवर कंपनीची किंमत आणि गाडी आणून द्यायचा खर्च छापलेला असतो, त्यावर न्यू जर्सीचा टॅक्स ६.६२५ टक्के, मग रजिस्ट्रेशन आणि डीलरची कागदपत्रांची फी. याच्यावर जे काही असेल त्याला तुम्ही "का?" विचारा. मला एका डीलरने टायरमध्ये नायट्रोजन भरलाय म्हणून वेगळे पैसे लावले होते, आणि "मार्केट ॲडजस्टमेंट" नावाची तीन हजारांची ओळ, म्हणजे काय तर गाड्या कमी आहेत म्हणून जास्त द्या. मी उठून आलो. दुसरीकडे, दीड तासावर, तशीच गाडी स्टिकरपेक्षा कमी किमतीत मिळाली, जानेवारी होता, बाहेर बर्फ, आणि मागच्या वर्षीचं मॉडेल अंगणात पडून होतं. उघडी गाडी एप्रिलमध्ये घ्यायला जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी जास्वंदीची फुलं घ्यायला जाणं. थंडीत जा. इन्शुरन्सचा आकडा मात्र सही करायच्या आधी घ्या, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चेसिस नंबर देऊन, प्रत्येकाचा वेगळा येतो, माझ्या मित्राला नंतर कळलं आणि घरात दोन दिवस अबोला होता.

वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला फायनान्सवाला अर्धा तास बसवेल, पाणी पिऊन घ्या आणि नाही म्हणा.

गाडी घरी आली. पहिले ६०० मैल जरा सांभाळून, फुल थ्रॉटल नको, आणि एकाच स्पीडला तासन्‌तास पण नको, म्हणजे आणल्या आणल्या क्रूझ लावून व्हर्जिनियाला जाऊ नका. गल्ल्या, चढ-उतार, गावातले रस्ते असं मिसळून चालवा. नंतर मात्र इंजिन फिरवा, घाबरू नका, ७,५०० आरपीएमपर्यंत जातं आणि खरी मजा ४ हजारांच्या पुढेच आहे. आपल्या लोकांना पेट्रोल वाचवायला लवकर वरचा गिअर टाकायची सवय, मी पण पहिले दोन महिने तसाच चालवत होतो आणि म्हणत होतो गाडीत दम नाही. ॲव्हरेज तसंही चांगलं आहे, सरासरी २९ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. टाकी ४५ लिटरची. पेट्रोल प्रीमियम टाकायला सांगितलंय, आणि न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी असल्यामुळे पंपावरचा माणूस येतो, छोटी गाडी बघून हात आपोआप रेग्युलरकडे जातो, तेव्हा काच खाली करून आधी बोला. टप उघडा असेल तर काचही खाली करावी लागत नाही, तो थेट वरून बोलतो आणि पाच मिनिटं गप्पा मारतो, मागचा हॉर्न वाजवेपर्यंत.

आता टपाबद्दल, कारण लोक गाडी घेतात टपासाठी आणि नीट बघत नाहीत तो पण टपच.

ओला टप घडी घालून ठेवू नका. पाऊस थांबला, ऊन पडलं, उघडावासा वाटला, तर आधी पुसून घ्या नाहीतर अर्धा तास तसाच चालवून वाळवा. ओली घडी दोन दिवस बंद राहिली की पावसाळ्यात न वाळलेल्या जीन्सचा जो वास येतो ना, तोच वास, आणि तो जात नाही. गोठणाऱ्या थंडीत टप उघडायच्या भानगडीत पडू नका, कापड कडक झालेलं असतं. बर्फ मऊ ब्रशने काढा, काचेवरची खरवडणी टपाला लावायची नाही. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये गाडी न्यायची नाही, घरी बादली, मऊ ब्रश, साधं पाणी. प्रेशर वॉशर तर अजिबात नाही.

आणि पाण्याच्या वाटा. हे कोणी सांगत नाही. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंनी आतल्या आत खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. झाडाखाली गाडी लावली की पानं, बिया, चिकट कचरा तिथे जाऊन बसतो, वाट तुंबते आणि पाणी कुठे जाणार, आत, कार्पेटखाली. माझ्या घरासमोर मोठा मेपल आहे. पहिल्या ऑक्टोबरमध्ये सीटच्या मागे हात घातला तर मूठभर पानांचा लगदा निघाला, चहाच्या चोथ्यासारखा. आता वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा पानगळ संपल्यावर, बोटाने आणि मऊ ब्रशने कचरा काढतो आणि छोट्या भांड्याने हळूहळू पाणी ओततो, बायकोला खाली वाकून बघायला सांगतो. मागच्या चाकापुढे टपटप पडलं की पास. तार घालून ढोसू नका, आतली नळी निसटली तर मोठं काम निघतं.

गाडीत काही दिसेल असं ठेवू नका. कापड आहे शेवटी, ब्लेडने फाडायला किती वेळ लागतो, आणि आत वीस डॉलरचं जॅकेट असेल तरी टपाचा खर्च त्याच्या कित्येक पट.

ऊन हा विषय आपले लोक हसण्यावारी नेतात, आपण काय गोरे आहोत का वगैरे. जूनमध्ये दोन तास टप उघडून न्यूयॉर्कवरून आलो आणि रात्री टाळू आणि डाव्या हाताची पाठ अशी तापली की कोरफड लावून झोपलो. टोपी ठेवा, वाऱ्याने न उडणारी, मागे बक्कल असलेली. सनस्क्रीन त्या मधल्या कप्प्यात कायमची. बायको ओढणी बांधते, तिचा सल्ला असा की सुती बांधा, रेशमी सरकते. खरं सांगायचं तर भर उन्हाळ्यातली दुपार ही टप उघडायची वेळच नाही. सकाळी सातच्या आधी, संध्याकाळी सातनंतर, आणि मुख्य म्हणजे ऑक्टोबर. बाहेर १० डिग्री, काचा वर, पायाला हीटर, बुडाखाली गरम सीट, डोक्यावर आभाळ आणि कोणाच्या तरी अंगणात लाकडं जळत असल्याचा वास. बंद गाडीत असताना हे सगळं रस्त्यावर होतंच, मला माहीतच नव्हतं.

हायवे. न्यू जर्सी टर्नपाइकवर अठरा चाकी ट्रक शेजारी आला की त्याच्या चाकाचा मधला नट तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आहात असं धरूनच चाला, त्याच्या शेजारी रेंगाळू नका, मागे राहा नाहीतर पटकन पुढे जा. टर्नपाइकवर एक्झिट ६ च्या उत्तरेला आतल्या लेन फक्त कारसाठी आहेत, त्याच घ्या. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट १०५ च्या उत्तरेला ट्रकला बंदी आहे, त्यामुळे उत्तरेला जायचं तर मी वीस मिनिटं जास्त लागली तरी पार्कवेने जातो. लांबच्या हायवे प्रवासात टप बंद ठेवलेला बरा, तासाभराने कान वाजायला लागतात.

स्टेपनी नाही! डिकीत एक छोटा पंप आणि टायरमध्ये घालायच्या द्रवाची बाटली आहे, बस. खिळा घुसला तर चालेल, कडेचं रबर फाटलं तर टो ट्रकच बोलवायचा. रोडसाइडचा नंबर फोनमध्ये आधीच ठेवा. माझ्या गाडीला आलेले टायर उन्हाळी होते, ७ डिग्रीच्या खाली ते लाकडासारखे होतात, बर्फावर तर विचारूच नका. मी दुसरा सेट घेतला, लहान १६ इंची रिमवर थंडीचे टायर, नोव्हेंबरअखेर चढवतो, मार्च संपताना उतरवतो. मागच्या चाकांनी चालणारी गाडी बर्फात जात नाही हे अर्धसत्य आहे, चांगले टायर असले तर जाते, फक्त ताजा बर्फ सहा इंच झाला की तिचं पोट लागतं, तेव्हा एसयूव्ही काढायची.

बरेच लोक डिसेंबर ते मार्च गाडी कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवतात. ठेवायचीच तर टाकी भरून त्यात पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर, बॅटरीला चार्जर लावून, टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये, चाकाला ठोकळा. पण मी ठेवत नाही. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तेव्हा नेत नाही, पाऊस पडून मीठ धुतलं गेलं आणि ऊन पडलं की काढतो आणि परत आल्यावर खालून पाणी मारतो. देव्हाऱ्यात ठेवायला थोडीच घेतलीय.

बाजार. एडिसनमधल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरून आठवड्याचा किराणा या गाडीत येतो, विश्वास ठेवा. कणकेचं २० पौंडांचं पोतं डिकीत तळाला आडवं, त्यावर डाळी, कोथिंबीर-मेथी बायकोच्या मांडीवर, आणि दूध-दही सीटपुढे पायाशी. एकटे असाल तर शेजारची सीट म्हणजे दुसरी डिकी, फक्त पाच-सहा किलोच्या वर सामान ठेवलं की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि बेल्ट लावा म्हणून टिंगटिंग सुरू होते. तांदळाला बेल्ट लावायचा, गप्प बसते. कॉस्टकोला मात्र जाऊ नका, टिश्यू पेपरचा एक गठ्ठा आणि गाडी भरली.

फिरायला कुठे जाता असं विचारतात. नदीकाठचा रूट २९, लँबर्टव्हिल ते फ्रेंचटाउन, एका बाजूला डेलावेअर नदी, सकाळी लवकर गेलात तर तुमचाच रस्ता. पॅलिसेड्स पार्कवेवरून बेअर माउंटन, वर पर्किन्स मेमोरियल ड्राइव्ह, हा थंडीत बंद असतो. पोर्ट जर्व्हिसजवळ रूट ९७ वर हॉक्स नेस्ट म्हणून सापासारखा रस्ता आहे, नदीच्या वर कड्याला चिकटून, शनिवारी दुपारी मोटरसायकलींची जत्रा असते म्हणून आठच्या आत पोचा. आणि दोन दिवस असले तर व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैल, स्पीड लिमिट ३५. दुसऱ्या गाडीत ३५ ला झोप येते, यात बूड जमिनीच्या इतकं जवळ असतं की ३५ चे ६० वाटतात. ज्यांना ट्रॅकवर न्यायची खुमखुमी आहे त्यांनी आधी त्या ट्रॅकचे नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी उघड्या गाडीला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान लागते आणि झाडूच्या दांड्याची टेस्ट असते, रोल बारवरून समोरच्या काचेच्या फ्रेमवर दांडा आडवा ठेवायचा आणि हेल्मेट त्याच्या खाली राहिलं पाहिजे. आणि इन्शुरन्स बहुतेक वेळा ट्रॅकवरचं काही देत नाही.

शेवटचं, पाहुणे. आईबाबा आले की दोघांना एकत्र नेता येत नाही, एकेकाला चक्कर मारून आणावं लागतं. बाबा बसताना म्हणाले ही गाडी आहे का टब, आणि उतरताना हात द्यावा लागला, पण परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच बूट घालून हॉलमध्ये तयार बसले होते.

गेल्या वर्षी गणपती आणायला हीच गाडी नेली. फूटभर उंच मूर्ती, शाडूची. डिकीत ठेवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या सीटवर जाड टॉवेलाची चुंबळ, त्यावर पाट, पाटावर बाप्पा, दोन्ही बाजूंनी उशा, आणि बेल्ट, कारण नाहीतर टिंगटिंग. वाऱ्याने सोंडेवरचा रंग उडेल की काय या भीतीने निघताना टप बंद ठेवला होता, पण ओक ट्री रोडवर गर्दी अशी की गाडी चालतच नव्हती, म्हणून सिग्नलला खिटी सोडली आणि उघडला. शेजारच्या मिनिव्हॅनमधून एक आजी काच खाली करून हात जोडायला लागल्या, मागून कोणीतरी मोरया म्हणून ओरडलं, आणि मी पहिल्या गिअरमध्ये क्लच जपत जपत खड्डे चुकवत घरी. बायको मागून एसयूव्हीत, मोदकाची पिठी, नारळ आणि मखर घेऊन. तिला या गाडीत जागाच नव्हती.